चौदा किलोंचे बेचाळीस किलो

घरपोच सिलिंडर आला की काही घरांत तो वजन करून घ्यायची शिस्त असते. डिलिव्हरीवाला काट्याचा हूक कडीत अडकवतो, सिलिंडर जमिनीवरून उचलतो आणि काटा साडेएकोणतीस किलो दाखवतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, समजा १५.३ किलो. वजाबाकी केली की १४.२ किलो गॅस बरोबर मिळाल्याची खात्री पटते. महिना-दीड महिन्यात शेगडीची ज्योत मंदावते, सिलिंडर हलवला तर हाताला हलका लागतो आणि ‘गॅस संपला’ म्हणून आपण नंबर लावतो.

संपला म्हणजे नेमकं काय झालं? चौदा किलोंची वस्तू घरात आली होती. तिची राख झाली नाही, ती कचऱ्याच्या डब्यात गेली नाही, मोरीतून वाहून गेली नाही. पदार्थ नष्ट होत नाही हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं. मग चौदा किलो गेले कुठे?

ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गेले. गंमत अशी की जाताना त्यांचे बेचाळीस किलो झाले होते. तेवढा कार्बन डायऑक्साइड, आणि शिवाय बावीस-तेवीस किलो पाण्याची वाफ.

हे वजन वाढलं कसं, ते समजायला अगदी थोडं रसायनशास्त्र पुरतं. सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनच्या अणूचं वजन १२ धरलं तर ऑक्सिजनच्या एका अणूचं १६, दोघांचं ३२. बेरीज ४४. म्हणजे १२ किलो कार्बन जाळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एका किलोमागे ३.६७ किलो. सिलिंडरातल्या १४.२ किलोंपैकी साडेअकरा किलोंहून थोडा जास्त कार्बन असतो. त्याला ३.६७ने गुणा, बेचाळीसच्या पुढे आकडा जातो. वाढीव वजन सगळं ऑक्सिजनचं. तो आपण फुकट वापरतो, बिलात त्याचा उल्लेख नसतो, म्हणून तो डोक्यातही येत नाही.

हाच गुणाकार जगभरच्या कोळशाला, तेलाला आणि नैसर्गिक वायूला लावला की वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येणारा तो मोठा आकडा मिळतो. २०२५ साली जगात जीवाश्म इंधनांपासून आणि सिमेंटपासून सुमारे ३८ अब्ज टन, म्हणजे ३,८०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्याचा अंदाज आहे. माणसाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वार्षिक आकडा.

धुराड्याला मीटर नसतो

आकडा ऐकून पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की हे मोजलं कुणी? अमेरिकेतल्या मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांत वायू मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत, पण तो अपवाद. जगातल्या कोट्यवधी गाड्यांच्या सायलेन्सरला, भट्ट्यांना आणि शेगड्यांना मीटर लावणं शक्यच नाही. त्यामुळे बाहेर पडलेला वायू मोजण्याऐवजी आत गेलेलं इंधन मोजतात. इंधन मात्र फार काटेकोरपणे मोजलेलं असतं, कारण त्यावर पैसा आणि कर अवलंबून असतो. कोळशाच्या वाघिणीचं वजन होतं, तेलाच्या टँकरची पावती होते, बंदरावर जकात भरली जाते. या पावत्यांची देशवार बेरीज संयुक्त राष्ट्रसंघाकडे आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेकडे जमा होते. त्यावर कार्बनचं प्रमाण लावायचं, न जळता राहिलेला भाग वजा करायचा आणि ३.६७ने गुणायचं. हवामानबदलाच्या सगळ्या चर्चेचा पाया ही हिशेबनिशी आहे.

हा हिशेब पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत चार्ल्स डेव्हिड कीलिंग हे अमेरिकी शास्त्रज्ञ होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. पण १९७३ साली त्यांनी जुन्या इंधनउत्पादनाच्या आकडेवारीवरून औद्योगिक काळापासूनच्या उत्सर्जनाचाही ताळेबंद प्रसिद्ध केला. पुढे टेनेसीतल्या ओक रिज इथल्या केंद्रात ग्रेग मार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अनेक दशकं चालवलं. २००१मध्ये ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि आता अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांचा हा गट दरवर्षी हवामान परिषदेच्या सुमाराला जगाचा कार्बन-ताळेबंद जाहीर करतो. जागतिक बेरजेत पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, असं ते स्वतःच सांगतात.

ही चूक येते कुठून, याचं चांगलं उदाहरण कोळशाचं आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड भागातल्या खाणींतला कोळसा ज्यांनी हातात घेतलाय त्यांना माहीत असेल की तो सगळा कोळसा नसतोच. भारतीय कोळशात तीस-चाळीस टक्के राख निघणं नवलाचं नाही. वीजकेंद्रांच्या शेजारचे राखेचे बंधारे आणि त्या राखेच्या विटा ही त्याचीच पुढची कहाणी. राखेत कार्बन जवळजवळ नसतो, त्यामुळे एक टन चंद्रपुरी कोळसा आणि एक टन ऑस्ट्रेलियन कोळसा यांच्यापासून सारखा वायू निघत नाही. सरसकट एकच गुणक लावला की हिशेब चुकतो.

चीनच्या बाबतीत हे जगासमोर घडलं. २०१५ साली ‘नेचर’मध्ये झू लिऊ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. चिनी खाणींतल्या कोळशाचे हजारो नमुने तपासून त्यांनी दाखवलं की त्यात कार्बन धरला होता त्यापेक्षा कमी आहे, आणि त्यामुळे २०१३चं चीनचं उत्सर्जन एका प्रचलित अंदाजापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी निघतं. त्याच वर्षी चीनच्या सांख्यिकी खात्याने आपली जुनी आकडेवारी सुधारली, आणि काही वर्षांत प्रत्यक्षात आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त कोळसा जाळल्याचं उघड झालं. एक दुरुस्ती खाली ओढणारी, दुसरी वर ढकलणारी. जगातला निम्म्याहून जास्त कोळसा एकटा चीन जाळतो, तेव्हा तिथल्या वजनकाट्यातला फरक साऱ्या जगाच्या बेरजेत उमटतो.

सिमेंटचं प्रकरण आणखी वेगळं. कोरपना-गडचांदूर पट्ट्यात चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने लागून आहेत. चुनखडी भट्टीत तापवली की शंभर किलोंतून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि छप्पन्न किलो चुना उरतो. हा वायू इंधनाचा नाही, दगडातलाच आहे. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो निघणारच. जागतिक बेरजेत याचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यात कोळसा सुमारे चाळीस टक्के, तेल तीसच्या वर आणि नैसर्गिक वायू वीसच्या वर.

चौकट : घरचा हिशेब

१ लिटर पेट्रोल (वजन पाऊण किलो) : सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड
१ लिटर डिझेल : सुमारे २.७ किलो
१४.२ किलोंचा सिलिंडर : सुमारे ४२ ते ४३ किलो
१ युनिट वीज, भारतातली सरासरी : सुमारे ०.७ किलो
जगातल्या एका माणसामागे, रोज : साडेबारा किलोंच्या आसपास
भारतातल्या एका माणसामागे, रोज : सुमारे ६ किलो
अमेरिकेतल्या एका माणसामागे, रोज : सुमारे ३८ किलो

पावणेदोनशे वर्षांची चढण

१८५०च्या सुमाराला जगातलं निम्म्याहून अधिक उत्सर्जन एकट्या ब्रिटनचं होतं. कोळसा त्यांचा, वाफेची इंजिनं त्यांची, गिरण्या त्यांच्या. एकोणिसावं शतक संपताना अमेरिकेने ब्रिटनला मागे टाकलं. १९०० साली जगाचा आकडा सुमारे दोन अब्ज टन होता, १९५०मध्ये सहा, २००० साली पंचवीस. पहिली पन्नास वर्षं चार अब्जांची भर पडली, पुढच्या पन्नास वर्षांत एकोणीस अब्जांची.

मग एकविसावं शतक उजाडलं. २००१च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. जगाचे कारखाने तिकडे सरकले, शहरं उभी राहिली, पोलाद आणि सिमेंटचा खप आभाळाला भिडला. त्या दशकात जागतिक उत्सर्जन वर्षाला सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढत होतं. २००६च्या सुमाराला चीनने अमेरिकेला गाठून मागे टाकलं. आज जगातल्या उत्सर्जनाचा सुमारे एक तृतीयांश वाटा चीनचा आहे, अमेरिकेचा तेरा टक्के, भारताचा आठ, युरोपीय संघाचा सात-एक टक्के.

या चढणीत अधूनमधून खाचा दिसतात. १९३०च्या दशकातली महामंदी, १९८०च्या आसपासचं तेलसंकट, सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरची वर्षं, २००९ची आर्थिक मंदी, २०२०ची टाळेबंदी. जागतिक आकडा आजवर जेव्हा जेव्हा घटला तेव्हा तो माणसांच्या हालअपेष्टांमुळे घटला. ठरवून, धोरण आखून तो खाली आणल्याचं उदाहरण अजून घडायचं आहे. आणि प्रत्येक वेळी संकट सरलं की तो पुन्हा उसळला. २००९मध्ये थोडी घट झाली, २०१०मध्ये पाच टक्क्यांहून अधिक वाढ. २०२०मध्ये पाच टक्क्यांच्या वर घट, २०२१मध्ये जवळपास तेवढीच वाढ.

२०१४ ते २०१६ या काळात आकडा जवळजवळ स्थिर राहिला, आणि ‘आता शिखर गाठलं, इथून उतार’ असे लेख जगभर छापून आले. २०१७मध्ये तो पुन्हा चढला. तेव्हापासून या विषयातली जाणती माणसं शिखर हा शब्द जपून वापरतात. तरी एक फरक पडला आहे हे मान्य करायला हवं : गेल्या दहा वर्षांत वाढीचा वेग वर्षाला सरासरी ०.८ टक्के आहे, त्याआधीच्या दहा वर्षांत तो १.९ टक्के होता. लोकसंख्या वाढली, उत्पन्न वाढलं, तरी वेग निम्म्याहून खाली आला.

ही बातमी चांगली आहे. पण ती नेमकी किती चांगली, हे कळायला धरणावर जावं लागेल.

आवक, विसर्ग आणि साठा

जुलै-ऑगस्टमध्ये सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक तक्ता येतो. कोयना धरणात आवक इतके क्यूसेक, विसर्ग इतके क्यूसेक, साठा इतके टीएमसी, क्षमता १०५ टीएमसी. कृष्णाकाठचा माणूस हा तक्ता चहाच्या आधी वाचतो आणि त्याचा अर्थ लावायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आवक पन्नास हजारांवरून पंचेचाळीस हजार क्यूसेकवर आली आणि विसर्ग पंचवीस हजारांचा असेल, तर पाणी उतरत नाही. ते चढतच राहतं, फक्त जरा सावकाश.

वातावरणाचंही तसंच आहे. दरवर्षीचं उत्सर्जन ही आवक. समुद्र आणि झाडझाडोरा मिळून त्यातला साधारण निम्मा वायू शोषून घेतात, तो विसर्ग. हवेत उरतो तो साठा. हा साठा पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग किती. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो सुमारे २८० होता. कीलिंग यांनी १९५८च्या मार्चमध्ये हवाई बेटांवरच्या माउना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१३ भरला. २०२४ची तिथली वर्षाची सरासरी ४२४च्या पुढे गेली, आणि २०२५च्या मे महिन्यात मासिक सरासरीने पहिल्यांदाच ४३०चा टप्पा ओलांडला. एक पीपीएम वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन वायू हवेत साठून राहावा लागतो.

आता २०२०चं वर्ष पाहा. रस्ते ओस पडले, विमानं जमिनीवर होती, एप्रिलच्या एका आठवड्यात तर जगाचं रोजचं उत्सर्जन आदल्या वर्षीच्या मानाने १७ टक्क्यांनी खाली आलं होतं. जालंधरहून हिमालय दिसल्याच्या बातम्या आल्या. पण माउना लोआवरचा आकडा त्या वर्षीही नेहमीसारखाच अडीच पीपीएमच्या आसपास वाढला. अनेकांना हे कोडं वाटलं, काहींनी तर ‘बघा, माणसाचा यात काही संबंधच नाही’ असा निष्कर्षही काढला. कृष्णाकाठच्या वाचकाला ते कोडं वाटायचं कारण नाही. आवक पाच टक्क्यांनी घटली. विसर्ग तरीही आवकेच्या निम्माच.

उलट उदाहरण २०२४चं. त्या वर्षी उत्सर्जन थोडंसंच वाढलं, पण हवेतला साठा एका वर्षात सुमारे साडेतीन पीपीएमने चढला. १९५७पासूनच्या नोंदींतली ही सर्वांत मोठी उडी, असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं. एल निनोमुळे उष्ण आणि कोरडं वर्ष, ठिकठिकाणी दुष्काळ, जंगलांना लागलेले वणवे. त्यामुळे जमिनीवरच्या वनस्पतींनी नेहमीपेक्षा कमी वायू शोषला. आवक तीच, विसर्ग घटला, पाणी चढलं.

धरणाची उपमा इथे एका ठिकाणी तोकडी पडते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. कोयनेचे वक्री दरवाजे किती फूट उचलायचे हे अभियंते ठरवतात. समुद्र आणि जंगल यांचे दरवाजे आपल्या हातात नाहीत. समुद्र वायू घेतो तेव्हा तोही बदलतो : पाण्यात मिसळून कार्बनिक आम्ल होतं, आणि औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२वरून ८.१पर्यंत घसरला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण ही मोजपट्टी दहापटीने चढणारी असल्यामुळे आम्लता पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढली असा त्याचा अर्थ होतो. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणं त्यामुळे जड जातं.

‘कार्बन उत्सर्जनवाढीचा वेग मंदावला’ असा मथळा वाचून ‘चला, प्रदूषण कमी होतंय’ असं वाटणं म्हणून घातक आहे. वाढीचा वेग मंदावला तरी आवक वाढतेच आहे. आवक वाढायची थांबली, तरी साठा चढत राहील. आवक चांगली निम्म्याच्या खाली आली तर साठ्याची चढण थांबेल. मथळे लिहिणारे आणि वाचणारे, दोघेही या तीन पायऱ्या सर्रास एकत्र करतात. पावसाळ्यात धरणाची बातमी देताना हेच बातमीदार अशी गल्लत कधीही करणार नाहीत, याचं नवल वाटतं.

वाढ आपलीच, कशावरून?

समुद्र, ज्वालामुखी, कुजणारा पाला यांतूनही हा वायू येतो. मग हवेतली भर इंधनाचीच हे कसं ठरवतात? त्याचं एक उत्तर सिलिंडरच्या वजनातच आहे. जळताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो, तर तो घटलेला दिसला पाहिजे. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी अत्यंत सूक्ष्म फरक पकडणारी पद्धत शोधली, आणि १९९०च्या आगेमागे सुरू झालेल्या नोंदींत ऑक्सिजन दरवर्षी किंचित घटताना दिसतो. ज्वालामुखीतून वायू आला असता तर ऑक्सिजन घटायचं कारण नव्हतं. (श्वासाची काळजी नको, हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आहे आणि घट दशलक्षांत काही भागांची आहे.)

दुसरा पुरावा किरणोत्सारी कार्बनचा. जिवंत झाडांत कार्बन-१४ हा प्रकार अल्प प्रमाणात असतो आणि त्याचा निम्मा भाग सुमारे ५,७३० वर्षांत नाहीसा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, त्यात तो शिल्लकच नाही. असा ‘मृत’ कार्बन हवेत मिसळला की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस यांनी झाडांच्या खोडातल्या वलयांत हे १९५५ सालीच दाखवलं होतं.

मोजमाप करणारी ठाणी दूर पॅसिफिकमध्येच आहेत असंही नाही. गोव्यात काणकोणजवळच्या काब द राम इथे १९९३पासून दशकभर हवेचे नमुने बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले जात होते. पावसाळ्यात तिथे समुद्रावरून स्वच्छ वारा येतो, हिवाळ्यात देशाच्या आतल्या भागातून; त्यामुळे एकाच ठिकाणी वर्षभरात दोन वेगळ्या हवा मोजता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही अशा नोंदी घेतल्या आहेत. पिठलं-भाकरी खाऊन परतणाऱ्या गर्दीपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते.

उतार जिथे लागला तिथे कशामुळे?

जागतिक आकडा चढत असला तरी प्रत्येक देशाचा चढत नाही. अर्थव्यवस्था वाढत असताना गेल्या दशकात ज्यांचं उत्सर्जन ठळकपणे घटलं असे ३५ देश आहेत. हे कशाने जमतं ते पाहायला जपानी प्राध्यापक योइची काया यांनी मांडलेला साधा गुणाकार उपयोगी पडतो. चार प्रश्न विचारायचे : माणसं किती? माणशी उत्पन्न किती? तेवढं उत्पन्न मिळवायला ऊर्जा किती लागली? आणि त्या ऊर्जेमागे कार्बन किती निघाला? चारही उत्तरांचा गुणाकार म्हणजे देशाचं उत्सर्जन. पहिली दोन उत्तरं कमी करा असं कोणतंही सरकार लोकांना सांगू शकत नाही. खेळ उरलेल्या दोनांवर चालतो.

अमेरिकेत चौथं उत्तर बदललं. २००५च्या आसपास तिथली निम्मी वीज कोळशाची होती. खडक फोडून काढलेला स्वस्त नैसर्गिक वायू बाजारात आला आणि कोळशाचा वाटा वीस टक्क्यांच्याही खाली गेला. मिथेनच्या रेणूत कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे चार अणू असतात, त्यामुळे उष्णतेचा मोठा भाग हायड्रोजन देतो आणि तेवढ्याच उष्णतेला कोळशाच्या तुलनेत सुमारे चाळीस टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. यात पर्यावरणप्रेमापेक्षा बाजारभावाचा हात मोठा होता.

ब्रिटनने तर वर्तुळ पूर्ण केलं. कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र लंडनच्या हॉलबॉर्न व्हायडक्ट इथे १८८२ साली सुरू झालं होतं. देशातलं शेवटचं कोळसाकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. ब्रिटनचं उत्सर्जन आता १८७०च्या दशकातल्या पातळीवर आहे. पण इथे एक खोच आहे. जो टीव्ही चीनमध्ये बनून लंडनमध्ये विकला जातो त्याचा कार्बन चीनच्या खाती पडतो. वापराप्रमाणे हिशेब मांडला तर श्रीमंत देशांचे आकडे वर सरकतात आणि चीन-भारताचे खाली येतात. घट तरीही खरी आहे, फक्त दिसते तेवढी मोठी नाही.

भारताचं खातं

देशांच्या यादीत भारत तिसरा. माणशी हिशेब मांडला तर वर्षाला सव्वादोन टनांच्याही आत, जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. आजवरच्या सगळ्या जीवाश्म-उत्सर्जनाची बेरीज केली तर अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश, भारताचा तीन-चार टक्के. परिषदांत जो तो आपल्याला सोयीचा आकडा पुढे करतो. तिन्ही खरे आहेत. मात्र साठ्याच्या दृष्टीने जुनी बेरीज जास्त बोलकी, कारण आज हवेत असलेला वायू अनेक दशकांत साठलेला आहे. या बेरजेतही एक खटकणारी गोष्ट आहे. आजवरच्या जीवाश्म-उत्सर्जनातलं निम्म्याहून जास्त १९९०नंतरचं आहे, म्हणजे धोक्याचा पहिला आंतरराष्ट्रीय अहवाल जगाच्या टेबलावर आल्यानंतरचं.

२०२५ साली भारतातली वाढ सुमारे १.४ टक्के राहील असा अंदाज होता. आधीच्या वर्षी ती चार टक्क्यांच्या आसपास होती. कारणांपैकी एक आपल्या अंगावरचं आहे. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. केरळात २४ मे, मुंबईत २६ मे. उन्हाळ्याचे सर्वांत तापणारे दिवस वाहून गेले, एसी-कूलर बंद राहिले, वीजकेंद्रांत कोळसा कमी लागला. दुसरं कारण टिकाऊ आहे : सौर आणि पवन ऊर्जेची वेगाने पडत असलेली भर. २०२५च्या मध्यात देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा हिस्सा बिगर-जीवाश्म झाला. पण क्षमता आणि निर्मिती यांत फरक असतो. सौर पॅनेल रात्री झोपतं. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजूनही कोळशाचीच आहे. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देण्याची महाराष्ट्रातली योजना त्या अर्थाने शहाणपणाची, कारण ती मागणीच उन्हाच्या वेळेत आणून ठेवते. सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे, पंखे आणि टीव्ही एकदम लागतात तेव्हाच्या गरजेला साठवणुकीची सोय लागेल, आणि ती आपल्याकडे अजून तुटपुंजी आहे.

उरलं किती?

धरणाला पूर्ण संचय पातळी असते. वातावरणाला ती निसर्गाने आखून दिलेली नाही. माणसांनी २०१५च्या पॅरिस करारात ठरवली. तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली आणि शक्यतो दीड अंशावर रोखायची. दीड अंशासाठी २०२६च्या सुरुवातीपासून फक्त १७० अब्ज टन शिल्लक आहेत, असा ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’चा हिशेब आहे. जीवाश्म इंधनांचे ३८ आणि जंगलतोडीचे सुमारे चार, मिळून वर्षाला ४२ अब्ज टन खर्च होतात. १७०ला ४२ने भागा, चार वर्षं येतात. दीड अंशाचं उद्दिष्ट राजकीय भाषणांत अजून जिवंत असलं तरी हिशेबात ते संपल्यात जमा आहे.

दीड अंशापलीकडे एकदम कोसळायला लावणारा कडा नाही. जितका वायू जास्त, तितकी तापमानवाढ जास्त, एवढं सरळ प्रमाण आहे. हवेत सोडलेल्या प्रत्येक हजार अब्ज टनांमागे पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे ०.४५ अंशांनी वाढतं, असा आंतरसरकारी हवामान समितीचा अंदाज आहे. सध्याच्या वेगाने दहा वर्षांत ४२० अब्ज टन जातील. त्याचे ०.१९ अंश होतात.